मुंबईत अँब्युलन्स नक्की कुठल्या नंबरवर बोलवायची? (आणि आली तर खाली कसं उतरवायचं)

भांडुपची_सून

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत होते, आज धागा काढतेय कारण डोकं अजून ठिकाणावर नाहीये. गेल्या आठवड्यात रात्री सव्वादोनला सासऱ्यांना एकदम धाप लागली, आडवं होता येईना, घाम, ओठ काळसर. आता गंमत बघा, घरात चार माणसं, चार फोन आणि चौघांनी चार ठिकाणी लावले. नवरा १०० लावतोय, सासूबाई खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना उठवतायत (ते गावाला गेलेले), दीर मोबाईलवर 'जवळची अँब्युलन्स' शोधतोय आणि मी १०८ की १०२ की ११२ ह्यातच अडकलेली. त्यात दिराचा फोन आधी लागला, कुठलीतरी प्रायव्हेट गाडी, "पाच मिन्टात पोचतो" म्हणाला म्हणून आम्ही बाकीचे फोन ठेवून दिले. इथेच चुकलं.

पाच मिनिटांची पस्तीस झाली. आली ती जुनी ओम्नी, ड्रायव्हर एकटाच, ऑक्सिजनचा सिलिंडर होता पण तो उघडायची चावी नव्हती!! वर आमची एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) बिल्डिंग, सातवा मजला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर जात नाही, शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चादरीने बांधून उतरवलं. गाडीत बसल्यावर ड्रायव्हर म्हणतो, तुम्ही सांगताय तिथे बेड नाहीये, मी सांगतो तिकडे चला. दिराने आवाज चढवला तेव्हा गप हव्या त्या रस्त्याला लागला. गाडीचं नाव लिहीत नाही, खरं सांगायचं तर पाटी वाचायच्या मनःस्थितीतच नव्हतो.

सासरे ठीक आहेत, फुप्फुसात पाणी झालं होतं, रविवारी घरी आले, काल चहात साखर कमी आहे म्हणून भांडले म्हंजे बरे आहेत.

पण मला खरंच कळत नाहीये की एवढ्या मोठ्या शहरात ही अँब्युलन्स नावाची गोष्ट चालवतं कोण? महापालिका? सरकार? पोलीस? कोणाला आतलं माहीत असेल तर सांगा.

टंगळमंगळ

मुंबईतली सगळ्यात फास्ट अँब्युलन्स म्हणजे रिक्षा. मीटरने येते आणि बेड नाही असं सांगत नाही.

तिखटजाळ

@टंगळमंगळ, रिक्षा सायन-माहीमच्या पुढे जात नाही म्हाराजा. केईएम हॉस्पिटलला जायचं तर पेशंटला सायनला उतरवून टॅक्सी करणार का?

टंगळमंगळ

पेशंट आत असेल तर कोण हवालदार अडवतोय. पण पॉइंट मान्य, रिक्षात माणूस आडवा होत नाही.

गाडीवरचा_डॉक्टर

ताई, सासरे घरी आले हे वाचून बरं वाटलं. मी बीएएमएस (आयुर्वेदाचा डॉक्टर), मध्ये दोन वर्षं १०८ च्या गाडीवर ड्युटी केलीय, आता क्लिनिक आहे. जमेल तेवढं लिहितो, मोठं होईल.

पहिली गोष्ट, मुंबईत अँब्युलन्स 'एक' कोणी चालवत नाही. लंडन-बिंडनला असते तशी एक संस्था नाहीये. चार-पाच वेगवेगळ्या वरातींच्या गाड्या एकाच रस्त्यावर असतात आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो.

१०८ ही राज्य सरकारची. महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा, जानेवारी २०१४ पासून. सुरू झाली तेव्हा काम बीव्हीजी कंपनीला दिलं आणि अख्ख्या राज्यात मिळून ९३७ गाड्या, त्यात २३३ एएलएस म्हणजे व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटरवाल्या आणि ७०४ बीएलएस, म्हणजे ऑक्सिजन, सक्शन, प्राथमिक औषधं वगैरे. मुंबईच्या वाट्याला त्यातल्या नव्वदच्या आसपास आल्या. पैसे लागत नाहीत, एक रुपयाही नाही, कोणी मागितला तर द्यायचा नाही.

आता फोन लावल्यावर काय होतं ते. तुम्ही भांडुपवरून लावा नाहीतर भामरागडवरून, फोन उचलला जातो पुण्यात औंधला. तिथे आधी नाव, नंबर, कुठे, काय झालंय हे लिहून घेतात, स्क्रीनवर जीपीएसने जवळची रिकामी गाडी बघतात, आणि गाडीवरच्या डॉक्टरला नि पायलटला कळवतात (आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात, बाहेरच्यांना हसू येतं पण लालबागला गणपतीत गाडी चालवून दाखवा मग हसा). पुष्कळदा त्याच फोनवर आमच्याशी जोडून देतात, म्हणजे गाडी निघतानाच डॉक्टर पेशंटच्या घरच्यांशी बोलायला लागतो. शहरात २० मिनिटं आणि ग्रामीण भागात ३० असं टार्गेट धरलेलं आहे.

गाडीत दोन माणसं, डॉक्टर आणि पायलट. हे महाराष्ट्राचं वेगळेपण आहे, बाकी बऱ्याच राज्यांत गाडीवर ईएमटी म्हणजे टेक्निशियन असतो, आपल्याकडे डॉक्टर, बहुतेक माझ्यासारखे बीएएमएस किंवा बीयूएमएसवाले (युनानी).

आणि लोकांना वाटतं की १०८ म्हणजे अ‍ॅक्सिडेंट. तसं नाहीये. रोजच्या ड्युटीत अपघातापेक्षा साधी मेडिकलची कामं जास्त, धाप, छातीत दुखणं, फिट, ताप, आणि बाळंतपणं. शिवाय छोट्या हॉस्पिटलमधून मोठ्याला रेफर केलेले पेशंट हलवणं, ह्यात गाडी दीड-दोन तास अडकते, कारण तिकडे बेड मिळेपर्यंत आपलं स्ट्रेचर पेशंटच्या खाली असतं आणि स्ट्रेचर सोडून गाडी निघू शकत नाही. स्क्रीनवर एक गाडी कमी झाली की शेजारच्या एरियातली येणार, म्हणजे तुमची दहा मिनिटं वाढली. हे बाहेरून कोणाला दिसत नाही.

बाकीचं रात्री लिहितो, पेशंट आलेत.

भांडुपची_सून

डॉक्टर, खूप धन्यवाद!! मग १०२ काय आहे? आणि ११२ तर टीव्हीवर सारखं दाखवतात.

गाडीवरचा_डॉक्टर

१०२ मुख्यतः गरोदर बाया आणि तान्ही बाळं ह्यांच्यासाठी. २०११ साली केंद्राचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला त्यात घरून दवाखान्यात नेणं, गरज पडली तर मोठ्या हॉस्पिटलला हलवणं आणि बाळंतीण झाल्यावर घरी सोडणं हे सगळं फुकट. तुमच्या सासऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता.

११२ म्हणजे सगळ्यांचा मिळून एक नंबर, पोलीस, फायर, अँब्युलन्स. महाराष्ट्रात २०२१ ला आला. काहीच आठवलं नाही तर ११२ लावा, वाया जात नाही. पण नुसती मेडिकल भानगड असेल आणि डोकं शाबूत असेल तर थेट १०८, मधला एक हात वाचतो. १९१६ हा महापालिकेचा आपत्कालीन कक्ष, झाड पडलं, पाणी तुंबलं, भिंत पडली. १०१ फायर, माणूस लिफ्टमध्ये नाहीतर गाडीत चेपून अडकला असेल तर अँब्युलन्सबरोबर हे पण हवेत, आमच्याकडे पत्रा कापायची हत्यारं नसतात.

आणि एक, १०८ शववाहिनी नाही. डिस्चार्ज झाल्यावर घरी सोडायलापण नाही. ह्यावरून लोक रस्त्यात अंगावर येतात म्हणून सांगून ठेवतो.

गिरणगावचा_म्हातारा

छान माहिती. आमच्या चाळीत सत्तरच्या दशकात कोणाला काही झालं की कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन होता, त्याला उठवायचं. पण फोन करून करायचं काय, अँब्युलन्स येणार कुठून? माझ्या वडिलांना टॅक्सीने केईएमला नेलं, ड्रायव्हर पंजाबी होता, त्याने पैसे घेतले नाहीत. नंतर नंतर मंडळांच्या, शाखेच्या, ट्रस्टच्या गाड्या आल्या, गणपतीच्या वर्गणीतून अँब्युलन्स घ्यायची फॅशनच होती, बाजूला मंडळाचं नाव गाडीच्या नंबरपेक्षा मोठं. हसू नका, त्या गाड्यांनी लोक जगलेत. ड्रायव्हर चाळीतलाच पोरगा, रात्री हाक मारली की लुंगीवर येणार, पत्ता समजवावा लागत नसे.

मग २००५ ला १२९८ निघाली, काही तरुण पोरांनी मुंबईत सुरू केलेली. त्यांची आयडिया मला तेव्हाच आवडली होती, पेशंट प्रायव्हेट हॉस्पिटलला चाललाय तर पूर्ण भाडं, सरकारी नाहीतर पालिकेच्या हॉस्पिटलला चाललाय तर कमी, म्हणजे पेशंटची ऐपत कुठे चालला त्यावरून धरायची, दाखला-बिखला काही नाही. २६/११ ला पण त्यांच्या गाड्या होत्या रस्त्यावर.

पण २००६ च्या ११ जुलैला रेल्वेत सात स्फोट झाले, अकरा मिनिटांत, २०९ माणसं गेली, तेव्हा मी माहीमला होतो. चादरी. मला चादरीच आठवतात. रुळालगतच्या वस्तीतल्या बायकांनी घरातल्या चादरी काढून दिल्या, त्यात घालून माणसं उचलली आणि टेम्पो, टॅक्सी, बस, जे थांबेल त्यात घातली. अँब्युलन्स नंतर आल्या. ट्रॅफिक होता, येणार कुठून.

थेम्सकाठी

मी मूळचा डोंबिवलीचा, आता बरीच वर्षं लंडनला. वर डॉक्टरांनी 'लंडन-बिंडन' म्हटलंय म्हणून लिहितोच :)

इथे एकच लंडन अँब्युलन्स सर्विस, एनएचएसची म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, अख्ख्या शहराला. ९९९ लावलात की आधी विचारतात पोलीस, फायर की अँब्युलन्स, मग अँब्युलन्सवाल्यांचा पहिला प्रश्न, पेशंट श्वास घेतोय का? नाव-पत्त्याच्याही आधी म्हटलं तरी चालेल. कारण त्या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. श्वास नसेल तर बाई फोनवरच तुम्हाला छाती दाबायला लावते आणि स्वतः मोजते, एक दोन तीन चार.

२०१७ पासून चार कॅटेगऱ्या आहेत. पहिली म्हणजे आत्ता मरतोय, त्याला सरासरी ७ मिनिटांत पोचायचं. दुसरी म्हणजे हार्ट अटॅक, स्ट्रोकचा संशय, १८ मिनिटं. पुढच्यांना तासन्‌तास लागू शकतात. लोकांना वाटतं परदेशात बटण दाबलं की गाडी, तसलं काही नाही, गेली काही वर्षं दुसऱ्या कॅटेगरीचं टार्गेट सर्रास चुकतंय आणि हॉस्पिटलच्या दाराशी गाड्यांची रांग लागते, डॉक्टरांनी स्ट्रेचरचं जे लिहिलंय ना, सेम टू सेम.

पण फरक कुठे आहे तर गाडीवर डॉक्टर नसतो, पॅरामेडिक असतो, त्याचं वेगळं डिग्रीचं शिक्षण असतं. आणि तो जवळच्या हॉस्पिटलला नेईलच असं नाही. मोठा अपघात असेल तर चार मेजर ट्रॉमा सेंटर आहेत, मधली दोन हॉस्पिटलं सोडून थेट तिकडे. त्यातलं एक सेंट जॉर्जेस, सीएसएमटीशेजारी आपलं आहे तसंच नाव :)

मला विचाराल तर मुंबईत डॉक्टर गाडीवर बसवणं म्हणजे तो वाया घालवणं आहे, त्यापेक्षा पॅरामेडिक तयार करा आणि पेशंट उचलून पळा.

गाडीवरचा_डॉक्टर

@थेम्सकाठी, वाया काय घालवणं! फ्रान्समध्ये पण गाडीवर डॉक्टर असतो की, १५ नंबर लावला की त्यांचा डॉक्टर कंट्रोल रूममध्येच बसलेला असतो, तो ठरवतो कोणाला काय पाठवायचं. म्हणजे जगात दोन घराणी आहेत, एक म्हणतं उचला आणि पळा, दुसरं म्हणतं जागेवर जेवढं करता येईल ते करा मग हलवा. आपलं २०१४ ला दुसऱ्या घराण्याचं झालं कारण आपल्याकडे तेव्हा शिकलेले पॅरामेडिक होते कुठे? बीएएमएस झालेली पोरं होती ढीगभर. जे होतं त्यातून उभं केलं. पॅरामेडिकना कायद्याने धड ओळखच २०२१ च्या कायद्याने मिळाली, त्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नाव आलं.

आणि एलबीएस रोडवर संध्याकाळी सात वाजता पळून दाखवा हो, मग बोलू. सव्वा तास पेशंट माझ्याबरोबर गाडीत असेल तर मला सुई लावता आलेली बरी.

पण उलट बाजूपण सांगतो, हृदयच बंद पडलं असेल तर डॉक्टर असो नाहीतर ब्रह्मदेव, मदत नाही मिळाली तर दर मिनिटाला जगायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. १५ मिनिटांनी येऊन मी काय करणार. तिथे घरातल्या माणसाचे हात हवेत. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. बरगडी मोडली तरी चालेल. सोसायटीच्या हळदीकुंकवात एकदा कोणाला तरी बोलवून शिका, तासाभराचं काम आहे.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत बाईक अँब्युलन्स आल्या त्या ह्याचसाठी, सुरुवातीला दहा, डॉक्टर स्वतःच बाईक चालवत येतो, औषधं आणि ऑक्सिजन घेऊन. गल्लीत, झोपडपट्टीत जिथे टेम्पो ट्रॅव्हलर शिरत नाही तिथे. पेशंट नेता येत नाही, पण कोणीतरी पोचतं.

तिखटजाळ

पत्त्यावर बोला की कोणीतरी! माझा अनुभव, फोन उचलणारा माणूस चांगला असतो पण तो मुंबईत बसलेला नाही. मुंबईत एमजी रोड किती? कांदिवलीला आहे, गोरेगावला आहे, घाटकोपरला आहे, मुलुंडला आहे. शिवाजी नगर तर मोजूच नका. भाभा हॉस्पिटल दोन, बांद्र्याचं आणि कुर्ल्याचं. शताब्दी दोन, कांदिवलीचं आणि गोवंडीचं. "शताब्दीजवळ या लवकर" म्हणून फोन ठेवला तर गाडी अर्ध्या मुंबईपलीकडे जाऊ शकते.

म्हणून आधी स्टेशन सांगा, मग ईस्ट-वेस्ट, मग एरिया, मग लँडमार्क जो रात्री पण दिसेल. (रात्री बंद होणाऱ्या वडापावच्या गाडीची खूण सांगू नका, आमच्या काकांनी सांगितली होती.) आणि एक माणूस खाली मेन रोडला टॉर्च घेऊन उभा.

लोकलकर

रेल्वेचं वेगळंच जग आहे. गाडीतून कोणी पडलं की पूर्वी स्टेशन मास्तरचा मेमो, मग जीआरपी म्हणजे रेल्वे पोलीस, मग हमाल स्ट्रेचर उचलणार, मग टॅक्सी शोधणार. तोपर्यंत माणूस प्लॅटफॉर्मवर. हायकोर्टात ह्यावर केस झाली, अपघातात स्वतःचे पाय गमावलेल्या एका माणसाने लढवली, त्यातून स्टेशनांवर इमर्जन्सी मेडिकल रूम आणि बाहेर अँब्युलन्स हे आलं. २०१७ ला काही स्टेशनांवर एक रुपयात तपासणारे दवाखाने सुरू झाले, लोक बीपी बघायला जातात पण खरा उद्देश हाच. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टनच्या पुलावर २३ जण गेले आणि केईएम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. अंतर हा प्रश्नच नव्हता तिथे, जिन्यावरून माणसं काढायची कशी हा होता.

आकडेमोड

थोडा हिशोब. केंद्राच्या आरोग्य अभियानाचा नियम साधारण असा की लाखाला एक अँब्युलन्स आणि पाच लाखाला एक एएलएस. २०११ च्या जनगणनेला मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे निदान १२४ हव्यात, १०८ च्या नव्वद. आणि रोज लोकलने बाहेरून येणारे ह्यात धरलेच नाहीत.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. मुंबईत गाड्या कमी नाहीत! प्रत्येक प्रायव्हेट हॉस्पिटलच्या दारात एक उभी, ट्रस्टच्या, मंडळांच्या, पालिकेच्या, नगरसेवकाच्या फोटोच्या. सगळ्या मोजल्या तर हिशोब केव्हाच पुरा होतो. फक्त त्या एका स्क्रीनवर नाहीत. भांडुपच्या ताईंच्या बिल्डिंगपासून अर्धा किलोमीटरवर एखादी चांगली गाडी झोपली असेल त्या रात्री, १०८ वाल्यालाही ती दिसली नसती.

बेडचं तेच. केईएम, सायन, नायर, कूपर पालिकेची. जेजे, सेंट जॉर्जेस, जीटी, कामा राज्य सरकारची. अँब्युलन्स राज्याची. प्रायव्हेटवाले आपापले राजे. कोविडमध्ये २०२० ला काय झालं आठवा, आधी १९१६ वर फोन लागायचे नाहीत, मग जूनमध्ये २४ वॉर्डांत २४ वॉर रूम केल्या, बेड कुठे रिकामा आणि गाडी कुठली हे एकाच टेबलावर आलं, बेस्टच्या बसच्या सीटा काढून अँब्युलन्स केल्या. म्हणजे करता येतं. साथ ओसरली, टेबल मोडलं.

टंगळमंगळ

टेबल मोडलं नाही, टेबल कुठल्यातरी वॉर्ड ऑफिसात फायली ठेवायला वापरतायत.

बाकी अँब्युलन्सला वाट दिली नाही तर २०१९ पासून १०,००० रुपये दंड आहे म्हणे. कोणाला झालेला पाहिलाय का? आणि द्यायला वाट कुठेय, डावीकडे डबल पार्किंग, उजवीकडे मेट्रोचे पत्रे. मी काय गाडी डोक्यावर घेऊ?

कोर्टकचेरी

दंड आहे, मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ई. पण धाग्याच्या दृष्टीने तीन गोष्टी जास्त कामाच्या.

एक, १९८९ चा सुप्रीम कोर्टाचा परमानंद कटारा निकाल. कुठलंही हॉस्पिटल, सरकारी असो की प्रायव्हेट, तातडीच्या पेशंटला आधी पोलीस आणा, आधी कागद आणा म्हणून परत पाठवू शकत नाही. जीव वाचवणं आधी. "एमएलसी (म्हणजे पोलीस केस) आहे, सरकारीला न्या" हे वाक्य ऐकलं की हा निकाल तोंडावर सांगायचा.

दोन, रस्त्यावरच्या जखमीला उचलून नेलं तर पोलिसांच्या चकरा माराव्या लागतील ही भीती. मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीत १३४ अ म्हणून ते कायद्यातच आलं. नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटलात थांबायची सक्ती नाही.

तीन, गाडी. अँब्युलन्स कशाला म्हणायचं ह्याचा केंद्राचा कोड आहे, एआयएस १२५. ए म्हणजे बाईकसारखी पहिली मदत, बी म्हणजे नुसती पेशंट ने-आण, सी बीएलएस, डी एएलएस. ताईंकडे आलेली ओम्नी फार तर बी मध्ये बसेल. तेव्हा प्रायव्हेटला फोन केलात तर "अँब्युलन्स आहे का" विचारू नका, "गाडीवर माणूस कोण आहे आणि ऑक्सिजन चालू आहे का" विचारा. भाड्याचे दर आरटीओकडून ठरतात, पावती मागा.

भांडुपची_सून

हे विचारायला हवं होतं हे आत्ता कळतंय. रात्री दोन वाजता सुचलं नसतं हेही खरंय.

डॉक्टर एक विचारायचं होतं, १०८ लावला असता तर आम्हाला हवं त्या हॉस्पिटलला नेलं असतं का? सासऱ्यांच्या सगळ्या फायली एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आहेत.

गाडीवरचा_डॉक्टर

साधारणपणे जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या, जिथे त्या केसची सोय आहे तिथे. भांडुपहून म्हणाल तर राजावाडी, पुढे सायन. सायनला ट्रॉमा मोठा कारण दोन्ही बाजूंचा हायवेचा माल तिथेच येतो, वेस्टर्नला जोगेश्वरीचं ट्रॉमा. घरच्यांनी प्रायव्हेट सांगितलं, ते जवळ असेल आणि पेशंट तेवढा तग धरेल असं वाटलं तर बोलून होतं, पण दादरहून ठाण्याला न्या म्हणालात तर नाही.

पालिकेच्या कॅज्युअल्टीची भीती घालवा आधी. गर्दी आहे, वास आहे, मामा-मावशी (वॉर्डबॉय, आया) ओरडतात, केसपेपरला रांग आहे, सगळं खरं. पण रात्री तीनला तिथे सीएमओ म्हणजे कॅज्युअल्टीचा डॉक्टर जागा असतो, रेसिडेंट डॉक्टर असतात, आणि मरणारा पेशंट रांगेत उभा करत नाहीत. घराजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री कोण असतं ते एकदा जाऊन बघा. माझ्या बघण्यात जास्त वेळ तिथे जातो, आधी छोटं, मग दुसरं छोटं, मग "मोठ्याला न्या", आणि मग १०८ ला फोन. स्ट्रोक असेल तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तास असतात, आणि आधी सीटी स्कॅन लागतो. जिथे सीटीच नाही तिथे पहिला तास घालवायचा?

आणि सगळ्यात जास्त मिनिटं कुठे जातात माहितेय? फोन लावायच्या आधी. "ॲसिडिटी असेल", "सकाळपर्यंत बघू", "भावोजींना विचारू". गाडी वीस मिनिटांत आलेली असते, घरात चाळीस गेलेली असतात.

गिरणगावचा_म्हातारा

आणि पावसाळ्यात पाणी तुंबणारा हिंदमाता चौक. केईएम समोर दिसतंय आणि मधे कमरेएवढं पाणी. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला तेव्हा खाटेवरून माणसं नेलेली मी पाहिलीत. अ‍ॅप काढा, स्क्रीन काढा, खाट पण जपून ठेवा म्हणतो मी.

थेम्सकाठी

आजोबा, एक नंबर. माघार घेतो, डॉक्टर गाडीवर राहू द्या. पण फोनवर आधी श्वास विचारा हे मात्र सोडणार नाही.

भांडुपची_सून

अपडेट. काल सोसायटीची मीटिंग झाली, मी धीर करून विषय काढला की लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही, एक घडीची खुर्ची घेऊ, पट्टे असलेली, जिन्यावरून दोघांना उचलता येते अशी. चाळीस मिनिटं चर्चा. पंचवीस मिनिटं ती ठेवायची कुठे आणि किल्ली कोणाकडे यावर. (किल्ली!! मी सिलिंडरची चावी सांगितली तेव्हा जरा शांत झाले.) चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले अशुभ वस्तू दारात नको. सासरे मागच्या रांगेत बसले होते, ते उठून म्हणाले मी त्या खुर्चीत बसायला परत तयार आहे, प्लास्टिकच्या नको. पास झालं. गेटच्या आत वळायच्या जागेवर ज्यांच्या बाईक असतात त्यांना नोटीस पण काढणारेत, बघू.

आता मला सांगा असली खुर्ची मिळते कुठे?

तिखटजाळ

प्रिन्सेस स्ट्रीटला जा, सर्जिकलची दुकानं ओळीने आहेत. केईएमच्या आसपास परळलापण मिळेल. दोन-तीन दुकानं फिरा, भाव करा.

गाडीवरचा_डॉक्टर

चाकं मागे असलेली घ्या, चारही पट्टे बघून घ्या, डोक्याचा पण. आणि जायच्या आधी जिन्याच्या वळणावरची रुंदी टेपने मोजून न्या, एसआरएला तिथेच अडकतं.

भांडुपची_सून

मोजली. सगळ्यात अरुंद तिसऱ्या मजल्यावर, तिथे कोणाचं तरी चपलांचं कपाट आहे.

टंगळमंगळ

चौथ्या मजल्यावरच्या काकांचं असणार.